दुकानाशी थांबणारा कायदा

उरण-पनवेल पट्ट्यात जासई हे नाव घेतले की जमिनीचा कायदा आठवतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जमिनीच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे त्याच लढ्यातून आले. कंटेनर यार्ड, रेल्वे आणि अटल सेतूकडे जाणारे रस्ते यांच्या मधल्या बेचक्यांत आज जी शेती उरली आहे, ती लहान तुकड्यांची आहे. पावसाळ्यात भात, भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल, मांडवावर दुधी, शिराळी, कारली. थंडीत पोपटीच्या मडक्यात जातात त्या याच वालाच्या शेंगा. वेलभाज्यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात, त्यामुळे माशी फिरली नाही तर फळ धरत नाही. वालाच्या फुलांवरही भुंगे आणि माश्या येतात. शेतांना खेटून उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या सज्ज्यांना आणि पाण्याच्या टाक्यांना आग्या मोहोळे लागतात.

अशा ठिकाणी एकाने आपल्या वावरात फुलोऱ्यात असलेल्या पिकावर फवारणी केली आणि शेजाऱ्याच्या पेटीतल्या किंवा रानातल्या माश्या मेल्या, तर कायदा काय म्हणतो? जवळजवळ काहीच नाही. माश्यांचे रक्षण म्हटले की चर्चा लगेच कोणते रसायन बंद करायचे याकडे वळते. भारतातली खरी उणीव मात्र दुसरीकडे आहे. आपला कायदा कीटकनाशकाची बाटली कारखान्यातून दुकानापर्यंत नेतो आणि तिथेच थांबतो. माशी मरते त्यानंतर, शेतात, सकाळी फुले उघडल्यावर.

माशीचे क्षेत्र, माणसाचा सातबारा

महाराष्ट्रात मधमाश्यांच्या मुख्य जाती चार. डोंगरकपारीत आणि उंच झाडांवर उघडे, मोठे पोळे बांधणारी आग्या माशी, झुडपात छोटे पोळे लावणारी फुलोरी, पेटीत पाळता येणारी देशी सातेरी आणि बाहेरून आणलेली युरोपीय मेलिफेरा. डंख नसलेल्या बारीक माश्या वेगळ्याच. यांतल्या सातेरी आणि मेलिफेरा एवढ्याच पेटीत राहतात, बाकीच्या रानच्या. म्हणून मधमाशी पाळणाऱ्यांचे नुकसान हा प्रश्नाचा एक भाग झाला. ज्यांचा कुणी मालक नाही अशा माश्यांचे नुकसान हा दुसरा, आणि तो अधिक मोठा भाग.

सातेरी साधारण एक किलोमीटरच्या टापूत चरते, मेलिफेरा आणि आग्या माशी त्याहून बरीच लांब जातात. एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ३१४ हेक्टर. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी खातेदाराकडे दीड हेक्टरहूनही कमी जमीन आहे. म्हणजे सातेरीच्या एका पेटीचे भवितव्य दोनशेहून अधिक शेतकऱ्यांच्या फवारणी पंपावर अवलंबून असते. त्यातल्या एकशे नव्व्याण्णव जणांनी काळजी घेतली आणि एकाने नाही घेतली, तरी वसाहत कोलमडू शकते. व्यक्तिगत सद्भावनेने हा प्रश्न सुटत नाही तो यामुळे. अनेकांच्या वागण्याची एकमेकांशी सांगड घालणारा नियमच इथे लागतो.

विषाची मात्रा किती? इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड गटातली औषधे कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात. ती पिकाच्या रसात भिनतात, त्यामुळे मकरंदात आणि परागातही उतरू शकतात. इमिडाक्लोप्रिड पोटात गेल्यास माश्यांच्या गटातील निम्म्या मराव्यात यासाठी प्रत्येकीमागे सुमारे ४ नॅनोग्रॅम पुरे होते. या हिशेबाने एका ग्रॅममध्ये तशा २५ कोटी मात्रा भरतात. याहून कमी मात्रेने माशी लगेच मरत नाही, पण दिशा चुकते आणि पोळ्याकडे परतत नाही. अशी माशी पेटीसमोर मेलेली दिसत नाही, वसाहत नुसती ओसरत जाते.

सगळा दोष औषधांवर टाकणेही चुकीचे ठरेल. थाई सॅकब्रूड या विषाणूने नव्वदच्या दशकात दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींची अतोनात हानी केली. मेलिफेराला व्हरोआ या कोळीवर्गीय परजीवीचा त्रास असतो. उरण-पनवेलसारख्या पट्ट्यात तर फुलांची झाडेच कमी झाली आहेत. पण रोगाला कायद्याने थांबवता येत नाही, फवारणीच्या वेळेला येते.

१९५८ च्या पिठापासून आजपर्यंत

आपल्या कीटकनाशक कायद्याचा जन्म माणसाच्या विषबाधेतून झाला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले धान्यपीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला, १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा संमत झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. या उगमामुळे कायद्याची नजर प्रथमपासून विक्री, साठवण, वाहतूक आणि भेसळ यांवर राहिली. नोंदणी समितीच्या मान्यतेशिवाय औषध बनवता येत नाही, परवान्याशिवाय विकता येत नाही, निरीक्षक नमुने घेऊ शकतो.

या कायद्यात माशीला जागाच नाही असे मात्र नाही. त्याच्या व्याख्येत ‘प्राणी’ म्हणजे माणसाला उपयोगी पडणारे प्राणी, आणि त्यात मासे व पक्षी यांचाही समावेश आहे. पिकाचे परागीभवन करणारी, मध आणि मेण देणारी माशी उपयोगी प्राण्यांत बसते असे म्हणायला फार ताण द्यावा लागत नाही. नोंदणीसाठी नव्या औषधाची जी माहिती मागतात, तिच्यात मधमाशीवरील विषारी परिणामही असतो. कलम २६ नुसार राज्य सरकार अधिसूचना काढून, ठरावीक व्यक्तींनी विषबाधेच्या घटना कळवल्याच पाहिजेत, असे बंधन घालू शकते. कलम २७ नुसार माणसांना किंवा प्राण्यांना धोका दिसल्यास एखाद्या भागापुरती, चौकशी होईपर्यंत, जास्तीत जास्त साठ दिवस बंदी घालता येते. चौकशी अपुरी राहिली तर आणखी तीस दिवस मिळतात.

आता कलम ३८ पाहा. स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कुणी कीटकनाशक वापरले, तर त्या वापराला हा कायदाच लागू होत नाही. अडाणी शेतकऱ्याला निरीक्षकाच्या जाचातून वाचवायचे, हा त्यामागचा हेतू त्या काळी समजण्यासारखा होता. पण त्यामुळे लेबलवर ‘फुलोऱ्यात फवारू नये’ असे छापले तरी ते उपदेशाच्या पातळीवरच राहते. बाटलीवरचे वाक्य विक्रेत्याला बांधते, फवारणाऱ्याला नाही.

१९७१ च्या नियमांतली एक विसंगती बोलकी आहे. हवाई फवारणीबाबतच्या नियमानुसार लोकांना किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते आणि असंबंधित माणसे व जनावरे यांना त्या भागापासून ठरावीक काळ दूर ठेवावे लागते. हा नियम विमानांच्या काळात लिहिला गेला, आता शेतात ड्रोन आले आहेत. म्हणजे तेच औषध आकाशातून पडणार असेल तर गावाला आदल्या दिवशी कळले पाहिजे, आणि पाठीवरच्या पंपातून पडणार असेल तर शेजाऱ्यालाही कळण्याची गरज नाही.

लेबलच्या रंगांतही माशी नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे वर्ग ठरतात ते प्रयोगशाळेतल्या सस्तन प्राण्यांवरील चाचणीवरून. तोंडावाटे किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम घातक ठरले तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. थायमेथोक्झामची उंदरांसाठीची घातक मात्रा किलोमागे दीड हजार मिलिग्रॅमच्या वर आहे, म्हणजे ती निळ्या पट्टीत येते. माशीसाठी हीच मात्रा सुमारे ५ नॅनोग्रॅम. निळा त्रिकोण पाहून ‘हे औषध मवाळ आहे’ असे समजणारा शेतकरी स्वतःपुरता चुकत नाही. माशीबद्दल त्याला कुणी रंग दाखवलेलाच नाही.

बंदीचा रस्ता कुठवर जातो

देशातील मुख्य प्रयत्न आजवर बंदीचा राहिला. २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. इतर देशांत बंद किंवा मर्यादित केलेली पण इथे चालू असलेली ६६ कीटकनाशके तिने तपासली. ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने १८ कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. मे २०२० मध्ये आणखी २७ घटकांवरील बंदीचा मसुदा निघाला. त्यात अनेक घटकांपुढे दिलेल्या कारणांत मधमाश्यांना असलेल्या विषारीपणाचा उल्लेख होता, आणि सरकारी राजपत्रात माशीचे नाव असे येणे हीच मोठी गोष्ट होती. उद्योगाच्या हरकती आल्या, फेरविचार झाला आणि २०२३ च्या आदेशात पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डायनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर. कायदाच नव्याने करण्यासाठी २००८ आणि २०२० मध्ये कीटकनाशक व्यवस्थापन विधेयके राज्यसभेत मांडली गेली, पण १९६८ चा कायदा त्यांतून बदलला नाही.

महाराष्ट्राने बंदीचे हत्यार उचलले ते २०१७ मध्ये. त्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मरण पावले. त्यानंतर राज्याने विदर्भातील काही जिल्ह्यांत पाच औषधांवर साठ दिवसांची बंदी घातली. त्या यादीत फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण होते, मोनोक्रोटोफॉस होते. ही सगळी माशीलाही जहाल आहेत. माणसाला वाचवणारा आदेश त्या दोन महिन्यांपुरता माशीचाही आदेश होता, जरी त्यात तिचे नाव नव्हते. पण आदेश निघाला तेव्हा माणसे गेलेली होती आणि हंगामही सरत आला होता.

पंजाबने हेच कलम २७ वेगळ्या कारणासाठी वापरले. बासमतीच्या निर्यातीत औषधांचे अंश सापडू नयेत म्हणून त्या राज्याने काही हंगामांत ठरावीक कीटकनाशकांची विक्री साठ दिवसांसाठी थांबवली. माणसाच्या जिवासाठी साठ दिवस अपुरे वाटतात, पण पिकाच्या फुलोऱ्याला ते पुरतात. नाशिक किंवा बुलढाण्यात बीजोत्पादनासाठी लावलेल्या कांद्याचे गोंडे साधारण महिनाभर फुलतात. बी धरण्यासाठी तिथे माशी लागते आणि फुलकिड्यांसाठी फवारणीही नेमकी तिथेच होते. बंदी कालमर्यादित असणे हा या कलमाचा दोष मानला जातो, फुलोऱ्यापुरता मात्र तो उपयोगी पडू शकतो.

इतरांनी वेळेला हात घातला

जगातील प्रयत्न ढोबळमानाने चार तऱ्हांचे दिसतात.

पहिली तऱ्हा बंदीची. युरोपीय संघाने २०१३ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड औषधांचा माश्यांना आकर्षित करणाऱ्या पिकांवरील वापर रोखला आणि २०१८ मध्ये बंदिस्त हरितगृहांबाहेरचा सगळाच वापर बंद केला. तरी अनेक देश आणीबाणीच्या परवानग्या देत राहिले. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाला सांगावे लागले की बंदी घातलेल्या औषधाने प्रक्रिया केलेल्या बियाण्याला अशी सूट देता येत नाही. दुसऱ्या बाजूला ब्रिटनमध्ये बियाणे-प्रक्रिया गेल्यावर मोहरीवर्गीय पिकावर भुंगेऱ्यांचा उपद्रव वाढला आणि लागवड घटली. पर्यायाविना आलेली बंदी महाग पडते.

दुसरी तऱ्हा वर्गवारीची आणि अंतराची. जर्मनीच्या १९९२ च्या मधमाशी संरक्षण नियमांत औषधांचे वर्ग माशीच्या दृष्टीने पाडलेले आहेत. सर्वांत घातक वर्गातले औषध फुललेल्या झाडांवर मारता येत नाही आणि पेट्यांपासून ६० मीटरच्या आत, माश्या उडत असताना, ते मारायचे तर मधपाळाची संमती लागते. तरीही २००८ मध्ये ऱ्हाइन खोऱ्यात मक्याच्या बियाण्यावरील क्लोथियानिडिनची धूळ पेरणीच्या वेळी उडाली आणि ११ हजारांहून अधिक वसाहतींना फटका बसला. नियम फवारणीसाठी लिहिला होता, विष पेरणीयंत्रातून आले.

तिसरी तऱ्हा तासांची. फ्रान्समध्ये २०२१ च्या आदेशानुसार फुलोऱ्यातील पिकावरची फवारणी सूर्यास्तापूर्वी दोन तास ते सूर्यास्तानंतर तीन तास एवढ्याच वेळेत करायची असते. तेव्हा बहुतेक माश्या पोळ्याकडे परतू लागलेल्या असतात.

चौथी तऱ्हा खबर देण्याची. कॅलिफोर्नियात मधपाळ आपल्या पेट्यांची जागा नोंदवतात. ज्यांनी सूचना मागितली असेल त्यांना, एक मैलाच्या आत माश्यांना घातक औषध मारण्यापूर्वी, ४८ तास आधी कळवावे लागते.

भातपट्ट्याला सर्वांत जवळचा दाखला जपानचा. भाताला परागीभवनासाठी माशी लागत नाही, पण माश्या भाताचे पराग गोळा करतात. जपानमध्ये सरकारी पाहणीत माश्या मरण्याच्या घटना भात फुलण्याच्या दिवसांत, ढेकण्यांविरुद्ध होणाऱ्या फवारणीच्या आसपास एकवटलेल्या आढळल्या. त्यावर सरकारने शेतकरी आणि मधपाळ यांच्यात फवारणीच्या तारखांची देवाणघेवाण, पेट्या हलवणे आणि वेळ बदलणे यांवर भर दिला. भाताची फुले साधारण सकाळी दहा ते दुपार या वेळात उघडतात. फवारणी उतरत्या उन्हात केली तरी पिकाचे संरक्षण होते आणि परागावर बसलेल्या माशीवर थेट तुषार पडत नाहीत.

शेतकरी ऐकेल का?

वापरावर नियम आणला की पहिला आक्षेप हाच येतो. लहान शेतकऱ्याला सकाळीच मजूर मिळतो, संध्याकाळी वारा असतो, वीज नसते, आणि तुडतुडे तारीख पाहून येत नाहीत. हा आक्षेप खरा आहे. कोकणात आंबा मोहोरावर असताना तुडतुडे आणि भुरी एका आठवड्यात हंगाम खातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकातही इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम आहेत. बागायतदाराला ‘हे बंद’ एवढेच सांगितले तर तो जुन्या, अधिक जहाल आणि फवारणाऱ्यालाच लोळवणाऱ्या औषधाकडे वळेल.

पण शेतकरी नियम पाळत नाही हे म्हणणे नाशिकच्या द्राक्षाने खोटे ठरवले आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले. त्यानंतर शेवटची फवारणी आणि काढणी यांतले दिवस मोजणे, प्लॉटची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल या गोष्टी निर्यातदार बागांच्या अंगवळणी पडल्या. तारखांचे बंधन शेतकऱ्याला जमते, त्यामागे भाव आणि सल्ला दोन्ही असतील तर. वेलभाज्या, कांदा बी, सूर्यफूल, डाळिंब यांत माशी वाचवणे म्हणजे स्वतःचेच उत्पन्न वाचवणे आहे.

शिवाय प्रश्न शेतकऱ्यांपुरता नाही. रायगडच्या डोंगरात मध काढणाऱ्या कातकरी आणि ठाकूर समाजांसाठी २००६ च्या वनहक्क कायद्याने मध आणि मेण हे गौण वनोपज म्हणून हक्काचे केले. जंगलातली माशी मात्र खालच्या शेतात चरते. हक्क लेखी मिळाला, पण तो हक्क ज्या माश्यांवर उभा आहे त्यांच्यासाठी शेताच्या बांधावर काहीच लिहिलेले नाही.

राज्याच्या हातात काय आहे

महाराष्ट्राकडे संस्था आहेत. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर देशातले पहिले ‘मधाचे गाव’ झाले. केंद्राची ५०० कोटींची मधमाशीपालन मोहीम २०२० मध्ये सुरू झाली. या सगळ्यांचा भर पेट्या वाढवण्यावर आहे. पेटी दिली आणि तिच्या भोवतालचे वर्तुळ मोकळे सोडले, तर अनुदान फवारणीत जाते.

वापराला नियम लावणारा केंद्रीय कायदा होईल तेव्हा होईल. त्यापूर्वी चार गोष्टी शक्य आहेत.

कलम २६ खाली अधिसूचना काढून मधपाळ, कृषी सहायक आणि पशुवैद्यकांनी माश्यांच्या सामूहिक मृत्यूची नोंद कळवणे बंधनकारक करता येईल, आणि नमुने तपासण्याची जबाबदारी एका प्रयोगशाळेवर टाकता येईल. नोंद नसेल तर कलम २७ वापरायला आधारच उरत नाही.

कलम २७ चा उपयोग बीजोत्पादनाच्या टापूत, फुलोऱ्याच्या काळात, सर्वांत घातक औषधांच्या विक्रीपुरता करून पाहता येईल. वापर कलम ३८ मुळे सुटतो, विक्री सुटत नाही. हे कलम चौकशीपुरत्या तातडीच्या उपायाचे आहे, त्यामुळे दर वर्षी त्याच्यावर विसंबता येणार नाही. पण एका हंगामात मिळालेली नोंद केंद्राला कायमचा नियम करायला भाग पाडू शकते.

तिसरी गोष्ट शहरालगतच्या गावांची. कीड नियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्याला याच कायद्याखाली परवाना लागतो, त्याला स्वतःच्या शेताची सूट नाही. इमारतीवरचे आग्या मोहोळ औषध मारून पाडण्याऐवजी ते हलवणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवावे, अशी अट परवान्यात घातली तर जासईपासून उलव्यापर्यंतच्या नव्या वस्तीत तिचा लगेच उपयोग होईल.

चौथी गोष्ट ग्रामसभेची. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. फुलोऱ्यातल्या पिकावर सकाळी फवारायचे नाही, ड्रोनप्रमाणेच पंपाच्या फवारणीचीही गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर आदल्या दिवशी खबर द्यायची, असा ठराव दंडाविनाही काम करतो. दोनशे खातेदार एकमेकांना ओळखतात ती जागा मंत्रालय नसते, गावच असते.

यांतल्या पहिल्या तीन गोष्टींना राज्य सरकारची इच्छा पुरते, चौथीला गावाची. संसदेकडे मागायचे ते दोनच बदल. कलम ३८ मधल्या सवलतीला फुलोऱ्याचा अपवाद, आणि लेबलवर उंदराच्या रंगाशेजारी माशीची स्वतंत्र खूण. पुढच्या विधेयकावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील तेव्हा मधपाळांनी, कांदा बी उत्पादकांनी आणि वाल लावणाऱ्या गावांनी बंदीच्या यादीआधी या दोन ओळी लिहून द्याव्यात.